ओपनडब्ल्यूआरटी २४.१०: दोन लाईनी, एक राऊटर आणि प्लगिनांचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत पाच-दहा माणसांचं ऑफिस असलं की नेटची मांडणी ठरलेली असते. केबलवाल्याची फायबर लाईन, त्यानेच दिलेला ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो डबा), आणि लाईन गेली की कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. रस्ता खोदला किंवा मांडवाच्या बांबूत वायर अडकली, की पुण्याच्या गिऱ्हाईकाकडून येणारं ड्रॉइंग अर्ध्यावर लटकतं. फायबर गेली की आपोआप ४जी डोंगलवर जाणारा आणि एकाने मोठी फाईल चढवली म्हणून दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल न अडकवणारा राऊटर हवा असेल, तर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटातलं सगळ्यात भरवशाचं फर्मवेअर, म्हणजे राऊटरची आतली प्रणाली, आहे. घोळ होतो तो जवळजवळ नेहमी प्लगिनांपाशी, म्हणजे वरून टाकायच्या जोड-प्रोग्रामांपाशी. म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

आधी भरवसा कशावर ठेवायचा, ते थोडक्यात. २००४ पासूनचा हा प्रकल्प मे २०१६ मध्ये फुटला. निर्णय बंद दाराआड होतात, सर्व्हरच्या किल्ल्या एकेकट्याच्या हातात आहेत, नव्या माणसांना आत घेण्याची रीत नाही, अशा तक्रारी करत काही मुख्य डेव्हलपर बाहेर पडले आणि त्यांनी लीड नावाचा वेगळा प्रकल्प काढला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लीडची १७.०१ आवृत्ती आली. जानेवारी २०१८ मध्ये दोघे पुन्हा एक झाले. नाव ओपनडब्ल्यूआरटीचं राहिलं, कोड आणि नियम मात्र लीडचे. जुलै २०१८ ची १८.०६ ही एकीनंतरची पहिली आवृत्ती.

ही एकी टिकली, याचं श्रेय दोन गोष्टींना द्यायला हवं. एक म्हणजे वाटणी झाली तरी विहीर सामाईकच राहिली होती. प्लगिनांचं जे पॅकेजेस भांडार आहे, त्यातच लीडच्या १७.०१ ची शाखा होती. एकच प्लगिन दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वाढलं असतं, तर ते जुळवण्यातच वर्षं गेली असती. दुसरी गोष्ट नियमांची. कोड घालण्याचा हक्क असलेला माणूस सलग ३ महिने संपर्कात नसेल, तर त्याचा हक्क आणि मत दोन्ही जातं, म्हणजे गैरहजर माणसांपायी मतदान अडून राहत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांनी उचलावा असा नियम आहे.

आता हार्डवेअर. अधिकृत शिफारस किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमची आहे, पण प्लगिनं टाकायची तर १६ आणि १२८ च्या खाली जाऊ नका. टीपी-लिंक आर्चर सी६ च्या व्ही३ मध्ये तेवढं आहे, पण त्याला यूएसबी पोर्ट नाही, तेव्हा यूएसबीचा डोंगल लावायचा तर पोर्ट असलेलं मॉडेल बघा. मात्र त्याच नावाच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असते. तेव्हा राजारामपुरीतल्या दुकानात खोका पाहून पैसे देऊ नका. राऊटर उलटा करून लेबलवरचं व्हर्जन वाचा आणि ते प्रकल्पाच्या यादीशी ताडून मगच घ्या. ‘फर्मवेअर टाकून तयार’ म्हणून मिळणारे जुने राऊटर टाळलेले बरे. डोंगलसारखं हार्डवेअर चालवणारी कर्नल मोड्यूलं त्याच बिल्डच्या कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याशी, बांधलेली असतात. कुणीतरी घरी बनवलेल्या बिल्डवर अधिकृत भांडारातलं डोंगलचं मोड्यूल चढत नाही, आणि कर्नलचं अवलंबित्व सापडत नाही एवढाच एरर येतो.

पहिल्यांदा फ्लॅश केल्यावर, म्हणजे राऊटरवर हे फर्मवेअर चढवल्यावर, वायफाय बंदच असतं, त्यामुळे लॅन केबल जवळ ठेवा. वायफाय चालू करताना देश भारत निवडा. ओएनटीचा पत्ता आणि ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता दोन्ही १९२.१६८.१.१ निघाले, तर नेट चालणारच नाही. लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा आणि लगेच ब्राउझरमध्ये नवा पत्ता उघडा. ९० सेकंदांत तो उघडला नाही, तर ल्यूसी (ब्राउझरमधलं सेटिंग्जचं पान) बदल मागे घेतं आणि सेटिंग सेव्हच होत नाही असं वाटून माणूस वैतागतो.

दोन लाईनींसाठी ल्यूसी-अ‍ॅप-एमडब्ल्यूएएन३ टाका. मूळ प्रोग्राम त्याच्याबरोबर येतो. दोन्ही इंटरफेसना वेगळं गेटवे मेट्रिक (लाईनीचा पसंतीक्रम, लहान आकडा आधी) द्या, फायबरला १० आणि डोंगलला २०. बहुतेकांचं इथेच अडतं. मेट्रिक सारखं किंवा रिकामं ठेवलं की दुसरी लाईन हिरवी दिसूनही वापरात येत नाही. लाईन चालू आहे का ते तपासायला पिंग करण्यासाठी ओएनटीचा पत्ता देऊ नका, १.१.१.१ आणि ८.८.८.८ द्या, रिलायबिलिटी १ ठेवा, म्हणजे एकाने उत्तर दिलं तरी पुरे. इंटरव्हल ५ सेकंद आणि डाऊन ३ ठेवलं, तर साधारण पाव मिनिटात बदल होतो. दोन्ही लाईनींवर भार वाटण्याच्या मोहात पडू नका. बँकेच्या साइटला एक क्लिक एका आयपीवरून आणि पुढचा दुसऱ्यावरून दिसला, की ती लॉगिन बाहेर काढते. फायबर मुख्य आणि डोंगल राखीव एवढंच पुरे. चाचणी घेताना ओएनटीकडून राऊटरकडे येणारी केबल उपटून काही कळत नाही, कारण खऱ्या बिघाडात ओएनटी चालूच असतो. ओएनटीमधली फायबरची पॅचकॉर्ड काढून पाहा.

एमडब्ल्यूएएन३ ची एक जुनी खोड आहे. २२.०३ आवृत्तीपासून फायरवॉल एनएफटेबल्स या नव्या पद्धतीवर गेली, हे प्लगिन मात्र आयपीटेबल्सच्या जुन्या पद्धतीनेच चालतं आणि मध्ये सुसंगततेचा थर घेतं. त्यामुळे फायरवॉलच्या पानावर जुन्या नियमांबद्दल इशारा दिसतो. काम अडत नाही, पण हा उसना कारभार आहे, हे ध्यानात असू द्या.

व्हिडिओ कॉलसाठी एसक्यूएम (लाईनीवरची डेटाची रांग सांभाळणारं प्लगिन) टाका, त्यात केक ही पद्धत निवडा आणि खऱ्या वेगाच्या ९० टक्के आकडा भरा, म्हणजे १०० एमबीपीएसला ९०,००० केबिट. इथे प्लॅनमध्ये लिहिलेला वेग नको, मोजून आलेला हवा. फ्लो ऑफलोडिंग (डेटा आखूड वाटेने पुढे ढकलायची सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर डेटा एसक्यूएमला वळसा घालून जातो. आर्चर सी६ व्ही३ ची एमटी७६२१ चिप १०० च्या प्लॅनला पुरते, ३०० ला दमते.

खरी परीक्षा अपग्रेडची. साध्या सिसअपग्रेडमध्ये, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, सेटिंग्ज राहतात, पण वरून टाकलेली प्लगिनं जातात. एमडब्ल्यूएएन३ ची सेटिंग फाईल जागेवर दिसते आणि प्रोग्राम मात्र नसतो! फायबर चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. ती ज्या दिवशी जाते, त्या दिवशी डोंगलचं मोड्यूलही नसतं आणि ते उतरवायला नेटही नसतं. यावर उपाय अटेंडेड सिसअपग्रेड. ते तुमच्या प्लगिनांची यादी सर्व्हरला पाठवतं आणि सगळं आत असलेली इमेज, म्हणजे फर्मवेअरची तयार फाईल, बनवून आणतं. एखादं पॅकेज नव्या आवृत्तीत नसेल किंवा त्याचं नाव बदललं असेल, तर बिल्ड फसतो. म्हणून आधी ओडब्ल्यूयूटी या कमांडने तपासून घ्या. एकेक पॅकेज सुटं अपग्रेड करत बसणं मात्र धोक्याचं. मूळ इमेजमधलं पॅकेज फ्लॅशवर राहतंच, नवं त्याच्यावर चढतं, जागा दुप्पट जाते आणि शेवटी ओव्हरले (फ्लॅशवरची आपल्या वापराची जागा) भरून राऊटर अडकतो.

या बिल्ड सर्व्हरवर डाग नाही असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे गंभीर त्रुटी उघड झाली. इमेजच्या ओळखीसाठीचा हॅश तोडून १२ अक्षरांवर आणला होता, त्यामुळे एकाच्या मागणीला दुसऱ्याची घातक इमेज पोचवणं शक्य होतं. ती लगेच दुरुस्त झाली आणि प्रकल्पाने स्वतःहून जाहीरही केली. २०१६ च्या तक्रारींच्या मानाने हा फरक मोठा आहे. सध्या डोकेदुखी वेगळी आहे. २४.१० ही आवृत्ती पॅकेजं टाकायला ओपीकेजी वापरते, त्यापुढच्या विकासात त्याजागी एपीके आलं. आंतरजालावरचे जुने ओपीकेजीचे नुस्खे तिथे जसेच्या तसे चालणार नाहीत.

बजेट असेल तर प्रकल्पाचाच राऊटर, ओपनडब्ल्यूआरटी वन, बघा. १ जीबी रॅम, २५६ एमबी नँड फ्लॅश आणि बिघडल्यावर परत उठवायला वेगळा १६ एमबी नॉर फ्लॅश. २०२४ मध्ये तो आला तेव्हा पूर्ण सेट ८९ डॉलरला होता, त्यातले १० प्रकल्पाच्या निधीला. टपालखर्च आणि कस्टम वेगळं. प्लगिनांना जागा कमी पडायचा प्रश्नच मिटतो. लॅन पोर्ट मात्र एकच आहे, तेव्हा स्विच लागतोच. पॉवर यूएसबी-सीवरून १२ व्होल्ट पीडीची (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) लागते, त्यामुळे टेबलावरचा मोबाईल चार्जर चालेलच असं नाही, आणि लाईट गेल्यावर कामाला येणारे गोल पिनचे मिनी-यूपीएस त्याला सरळ बसत नाहीत. ऑर्डर देण्याआधी ती सोय बघून ठेवा.