अण्णांच्या मनगटावरचा सेन्सर, ६ दिवस वापरून
आमच्या अण्णांना पार्किन्सन होऊन ५ वर्षं झाली, सांगलीत विश्रामबागला राहतो. डॉक्टरांपुढे १० मिनिटं हात एकदम शहाण्यासारखा वागतो आणि घरी आलं की चहाची बशी पण धरवत नाही, म्हणून यावेळी ६ दिवस मनगटाला बांधायचा सेन्सर भाड्याने घेतला. दिसायला घड्याळच, पण वेळ दाखवत नाही (अण्णांचा पहिला आक्षेप!). आत अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारं यंत्र) असतं, पार्किन्सनची थरथर साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा होते ती पकडतं, शिवाय हालचाल कधी मंदावली तेही. खरं काम केलं ते ग्राफने. सकाळी ८ च्या लेवोडोपाचा (पार्किन्सनच्या गोळीचा) असर ११ लाच उतरतोय आणि आम्ही पुढची गोळी १ ला देत बसलोय, इतके दिवस कळलंच नव्हतं, डॉक्टरांनी लगेच वेळा बदलल्या. एक गंमत, हरिपूरला भजनात टाळ वाजवले तेवढा वेळ ग्राफ नुसता उधळलेला, त्यामुळे सोबत वहीत लिहून ठेवा काय करत होते ते. पट्टा मात्र भिकार. थरथरत्या हाताने बारीक बक्कल कोण लावणार बाबा, रोज मलाच लावावं लागायचं.