मोझेल की वाखाऊ? तळघरात मुरवण्याजोग्या जर्मन आणि ऑस्ट्रियन वाइनची तुलना

दहा-पंधरा वर्षे मुरवून प्यायच्या पांढऱ्या वाइनचा विचार सुरू झाला, की तो बहुधा फ्रान्समधील बर्गंडीपाशी जाऊन थांबतो आणि तिथल्या किमती पाहून परत फिरतो. त्यानंतर जी दोन नावे समोर येतात ती जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे आणि ऑस्ट्रियातील डॅन्यूबकाठचा वाखाऊ. दोन्हीकडे नदीवरचे उभे चढ, दोन्हीकडे रीसलिंगचे द्राक्ष आणि दोन्हीकडे जर्मन भाषेतील लांबलचक लेबले असल्यामुळे नवख्याला ही एकाच कुळातील भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुरण्यामागची कारणे निरनिराळी आहेत, आणि कोणती वाइन घ्यावी याचा निर्णय त्या कारणांवरूनच करणे शहाणपणाचे ठरते.

मोझेलपासून सुरुवात करू. हे खोरे ५० अक्षांशाच्या आसपास, म्हणजे द्राक्ष पिकण्याच्या जवळजवळ उत्तरेकडील सीमेवर आहे. नदीकडे कललेल्या, दक्षिणाभिमुख उतारांवर पाटीच्या दगडाचा चुरा पसरलेला असतो. तो दिवसा तापतो आणि रात्री ऊब परत देतो, म्हणून तर तिथे द्राक्ष पिकते. तरीही ते सावकाश पिकते आणि त्यातील आम्लता टिकून राहते. पारंपरिक शैलीत आंबवण्याची क्रिया सगळी साखर संपण्याआधीच थांबवली जाते, त्यामुळे बाटलीत अल्कोहोल जेमतेम साडेसात ते नऊ टक्के असते, साखर भरपूर असते आणि तिला तोलून धरणारी आम्लता त्याहून ठळक असते. अशी वाइन दीर्घायुषी होते ती या आम्लतेच्या आणि साखरेच्या जोडीमुळे. वर्षे सरतात तशी बाटलीतील साखर फारशी घटत नाही, पण ती जिभेला कमी जाणवू लागते. वीस वर्षांची स्पेटलेझे (उशिरा तोडलेल्या, अधिक पिकलेल्या द्राक्षांची वाइन) चाखून ‘ही गोड नाहीच’ असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. तारुण्यातील हिरव्या सफरचंदाच्या आणि पीचच्या वासाची जागा हळूहळू मध, सुकवलेली फळे आणि एक ओळखीचा, रॉकेलसारखा वास घेतो. हा वास टीडीएन नावाच्या संयुगाचा असतो, जुन्या रीसलिंगची ती खूण मानली जाते, आणि तो आवडेलच असे नाही. ज्याने तो कधी घेतलेला नाही त्याने सहा बाटल्या विकत घेण्याआधी एक जुनी बाटली कुठेतरी चाखून पाहावी, एवढे मी आवर्जून सांगेन.

काबिनेट, स्पेटलेझे, आउसलेझे ही जर्मन श्रेणी रसातील साखरेवरून, म्हणजे द्राक्ष तोडताना किती पिकले होते यावरून ठरते. साठवणुकीसाठी माझी पहिली पसंती मधल्या पायरीला, स्पेटलेझेला आहे. काबिनेट दहा वर्षे सहज टिकते, पण तिचे सौंदर्य ताजेपणात अधिक आहे. आउसलेझे तीस-चाळीस वर्षांचा पल्ला गाठू शकते, मात्र ती अधिक गोड असल्याने तिच्यासोबत काय खावे हा प्रश्न कायम उरतो. वेलेन गावातील झोनेनऊअर या मळ्याला तिथे १८४२ मध्ये उभारलेल्या सूर्यघड्याळावरून नाव पडले. त्या मळ्यातील जे. जे. प्रूम या घराण्याची स्पेटलेझे हा या शैलीचा वस्तुपाठ समजला जातो. तिची पहिली काही वर्षे मात्र जंगली यीस्टच्या गंधाची असतात, आणि त्या वयात ती उघडणारा हमखास निराश होतो. ब्राउनेबर्गमधील फ्रिट्झ हाग, तसेच झार उपनदीवरील त्सिलिकेन आणि एगॉन म्यूलर ही नावेही याच पंक्तीत बसतात. झारचे हवामान मोझेलहूनही थंड असल्यामुळे तिथल्या वाइनमधील आम्लता अधिक धारदार असते.

वाखाऊचे गणित वेगळे आहे. मेल्क आणि क्रेम्स या गावांमधील डॅन्यूबचा हा जेमतेम ३५ किलोमीटरचा पट्टा आहे. पूर्वेकडून मैदानातील उष्ण हवा वर येते, उत्तरेच्या जंगलांतून रात्री थंड हवा उतरते, आणि द्राक्षाला पिकण्याची ऊब व आम्लता राखण्याचा गारवा दोन्ही मिळतात. कोकणात गडगे रचतात तशा, चुन्याविना रचलेल्या दगडी भिंतींनी हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे केलेले आहेत, आणि वरच्या पायऱ्यांवर माती कमी व नाइस खडकच जास्त असतो. इथली वाइन कोरडी असते, म्हणजे साखर जवळजवळ पूर्ण आंबवलेली असते. म्हणून तिला टिकवते ती साखर नव्हे, तर पिकलेल्या द्राक्षातील घनता आणि तिच्या जोडीची आम्लता. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विनेया वाखाऊ या उत्पादकांच्या संघटनेने कोरड्या वाइनचे तीन वर्ग पाडले: हलकी श्टाइनफेडर, मधली फेडरश्पील आणि किमान साडेबारा टक्के अल्कोहोलची स्माराग्ड. या शेवटच्या वर्गाला मळ्यांच्या भिंतींवर ऊन खात पडलेल्या पाचूसारख्या हिरव्या सरड्याचे नाव दिले आहे. साठवणुकीचा विचार करणाऱ्याने स्माराग्डकडेच पाहावे. बाकीच्या दोन लवकर प्यायच्या आहेत.

स्माराग्डमध्येही दोन वाटा आहेत. रीसलिंग ही एक, आणि ऑस्ट्रियाचे स्वतःचे द्राक्ष ग्रूनर फेल्टलिनर ही दुसरी. ग्रूनर तरुण असताना पांढऱ्या मिरीचा वास देते. मिरीत असतो तोच रोटुंडोन नावाचा घटक या द्राक्षातही सापडतो. आठ-दहा वर्षांनंतर मिरी मागे पडते आणि भाजलेल्या सुक्या मेव्याकडे झुकणारी, जाडसर, बर्गंडीची आठवण करून देणारी चव पुढे येते. २००२ मध्ये लंडनला लेबले झाकून झालेल्या एका अंध चाचणीत ग्रूनरच्या बाटल्यांनी नावाजलेल्या बर्गंडी वाइनना मागे टाकले, आणि तेव्हापासून संग्राहक या द्राक्षाकडे गंभीरपणे पाहू लागले. लोइबेन परिसरातील एफ. एक्स. पिखलर आणि क्नोल, वाइसेनकिर्खेनमधील प्रागर (यांचा आखलाइटेन मळा विशेष) आणि श्पित्समधील हिर्त्सबेर्गर ही चार नावे पाठ असली तरी सुरुवातीला पुरे. वाखाऊबाहेर, काम्पटालमधील हायलिगेनश्टाइन मळ्याची ब्र्युंडलमायर यांची रीसलिंग तितकीच टिकाऊ असून तिच्या मागची गर्दी थोडी कमी आहे.

इथे एक फरक नोंदवायला हवा. मोझेलच्या गोडसर वाइनचा मुरण्याचा इतिहास अनेक पिढ्यांचा आहे. १९७१ आणि १९७६ या हंगामांच्या उत्तम राखलेल्या बाटल्या आजही मजेत पिता येतात. स्माराग्ड हा वर्ग मात्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. त्यात १९८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या काही व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले आणि त्या देशाची निर्यात कोसळली. त्यानंतर केलेले कायदे युरोपातील सर्वांत कडक कायद्यांत मोजले जातात, आणि झाकणावरची लाल-पांढरी-लाल पट्टी ही सरकारी तपासणीची खूण आहे. आजच्या बाटलीवर संशय घेण्याचे कारण उरलेले नाही, पण चाळीस वर्षांनी स्माराग्ड कशी लागेल याचे पुरावे साहजिकच थोडे आहेत. मी ती आठ ते पंधरा वर्षांच्या टप्प्यात उघडण्याच्या बाजूचा आहे. काही घराणी बोट्रायटिस ही द्राक्षातील पाणी आटवून गोडी वाढवणारी बुरशी लागलेले थोडे द्राक्ष चालवून घेतात, काही ते कटाक्षाने निवडून टाकतात. पहिल्या प्रकारची वाइन लवकर मोहवते, दुसऱ्या प्रकारची सावकाश उलगडते.

जर्मनीलाही कोरडी रीसलिंग येते, हे विसरून चालणार नाही. व्हीडीपी या नामवंत जर्मन मळ्यांच्या संघटनेच्या उत्पादकांची ग्रोसेस गेवेक्स ही सर्वोच्च कोरडी वाइन स्माराग्डची खरी प्रतिस्पर्धी आहे. नाहे भागातील ड्योनहोफ यांची हेरमान्सह्यॉले आणि राइनहेसेनमधील केलर व विटमान यांच्या बाटल्या या गटात सर्वाधिक शोधल्या जातात. त्या वाखाऊपेक्षा सडसडीत असतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान कित्येकदा घुम्या होतात, म्हणजे वास नाही, चव नाही, नुसती आम्लता. अशा वेळी बाटली खराब झाली असे समजू नये. ती परत बोलू लागते.

लेबल वाचणे हे ऑस्ट्रियाच्या बाबतीत सोपे आहे: मळ्याच्या नावाआधी ‘रीड’ हा शब्द असला, की ती एकाच मळ्याची वाइन. जर्मनीत १९७१ च्या कायद्याने मोठा घोळ करून ठेवला आहे. ‘पीसपोर्टर गोल्डट्र्योपखेन’ हा खरा मळा आहे, तर ‘पीसपोर्टर मिखेल्सबर्ग’ हे आजूबाजूच्या अनेक गावांच्या जमिनीला दिलेले सामुदायिक नाव आहे, आणि लेबलावर दोन्ही सारखीच दिसत आली आहेत. म्हणून जर्मन बाटली घेताना आधी उत्पादकाचे नाव पाहावे, मळा नंतर. एकाच घराण्याच्या एकाच वर्षीच्या दोन आउसलेझेसुद्धा वेगवेगळ्या असू शकतात. तेव्हा लेबलावरच्या बारीक अक्षरातील तपासणी क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळवावे लागतात. मार्कुस मोलिटोर यांनी झाकणाच्या रंगावरून कोरडी पांढरी, मधली हिरवी आणि गोड सोनेरी अशी सोय केली आहे, ती इतरांनीही करावी असे वाटते.

अतिगोड वाइनचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तिथे निर्णय खिशावरच होतो. मोझेल आणि झारची ट्रॉकनबेरेनआउसलेझे, म्हणजे बोट्रायटिसमुळे मनुकांसारख्या सुकलेल्या द्राक्षांची वाइन, ही दुर्मीळ वस्तू आहे. एगॉन म्यूलर यांच्या २००३ च्या बाटलीला २०१५ मध्ये ट्रियरच्या लिलावात दहा हजार युरोंहून अधिक भाव आला. ऑस्ट्रियात नॉयझीडल सरोवराच्या उथळ पाण्यावरून शरद ऋतूत येणाऱ्या धुक्यामुळे बोट्रायटिस जवळजवळ दरवर्षी धरते, म्हणून इल्मित्समधील क्राखर यांची त्याच वर्गाची वाइन किंवा रुस्ट गावची तशीच गोड आउसब्रुख पुष्कळ कमी पैशांत मिळते. या प्रकारात मी डोळे मिटून ऑस्ट्रिया घेईन, आणि तेही अर्ध्या बाटलीत.

हंगामांपैकी २०१९ आणि २०२१ दोन्ही देशांत साठवणुकीला उत्तम आहेत. त्यांतही २०२१ हे थंड वर्ष असल्याने मोझेलच्या चाहत्यांना ते अधिक रुचेल. वाखाऊसाठी २०१३ कुठे मिळाले तर सोडू नये.

साठवण कुठे होणार, हा प्रश्न मराठी वाचकासाठी दुय्यम नाही. जर्मनीत राहणाऱ्यांना भाड्याच्या घरासोबत बहुधा तळघरातील एक लहान कप्पा मिळतो. त्यातून हिवाळ्याचे टायर आणि रिकाम्या सुटकेसी थोड्या सरकवल्या आणि गरम पाण्याचा नळ जवळून जात नाही याची खात्री केली, की काम भागते. तापमान १० ते १३ अंश असावे आणि, त्याहून महत्त्वाचे, ते वरखाली होऊ नये. पुण्या-मुंबईत हे नैसर्गिकरीत्या होत नाही. वाइनचे शीतकपाट आणि वीज गेल्यावर चालणारी सोय नसेल, तर दहा वर्षांची स्वप्ने पाहू नयेत. एका मे महिन्यात बूच वर सरकते आणि वाइन शिळी होते. फिरकीच्या झाकणाची बाटली निदान बुचाच्या दोषापासून वाचते, आणि ऑस्ट्रियाने ते झाकण चांगल्या वाइनसाठीही मोकळेपणाने स्वीकारले आहे.

शेवटी जेवण. अल्कोहोलमुळे तिखट अधिक झोंबते, म्हणून साडेतेरा टक्क्यांची स्माराग्ड मालवणी कोळंबीसमोर अडचणीत येते, तर आठ टक्क्यांची मुरलेली स्पेटलेझे त्या तिखटाला साखरेने शांत करते आणि नारळाशी जमवून घेते. उलट भाजलेला मासा, लोण्यातले मश्रूम किंवा जुने चीज असेल तर ग्रूनरच हवी. बारा बाटल्यांचे बजेट असेल तर मी आठ बाटल्या एकाच मळ्याच्या, एकाच वर्षीच्या मोझेल स्पेटलेझेच्या घेईन आणि चार ग्रूनर स्माराग्डच्या. स्पेटलेझेची पहिली बाटली आठव्या वर्षी उघडावी, पुढच्या दर दोन वर्षांनी एक. ग्रूनरचीही पहिली आठव्या वर्षी, आणि ती उघडल्यावर अर्धा तास काचेच्या सुरईत ओतून ठेवावी.