धूर मारायचा की पिंपं घासायची?

डेंग्यूची साथ वाढली की खर्चाच्या फायलीत पहिली मागणी येते धूरफवारणीची. कारण उघड आहे, धूर दिसतो. गाडी गल्लीतून फिरली की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण हातात पैसा थोडाच असेल, तर मी तो धुरावर घालणार नाही.

धूर मारतो ते त्या घटकेला उडणारे डास. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. खिडक्या बंद असल्या की धूर तिथवर जातच नाही. पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काहीच नाही, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे इंधन, औषध, माणसं हा सगळा खर्च लगेच पुन्हा. शिवाय तेच ते कीटकनाशक मारत राहिलं की डास त्याला दाद देईनासे होतात. साथ भडकली असताना रुग्णाच्या घराभोवती मारावा, बस्स.

दुसरा मार्ग घरोघर साठवलेलं पाणी तपासण्याचा. त्यात बहुतेक खर्च मजुरीचा. पिंप नुसतं उपडं करून मात्र भागत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला पाहा: काजळाच्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून ब्रशने घासायचं. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची बशी हमखास राहून जाते. खरी डोकेदुखी कुलूपबंद घरांची. (आणि घासलेल्या पिंपाचा फोटो कोणी छापत नाही.)

तिसरा मार्ग वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडण्याचा. हा जिवाणू अंगात असला की डासातून डेंग्यू सहजी पसरत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता इथल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि त्यासाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांनी घटलं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला खर्च मोठा, पण डासांत जिवाणू रुजला की पुढे पसरत राहतो. दाट वस्तीच्या शहराला परवडेल, विरळ वस्तीला अवघड.

हे सगळं महाग वाटत असेल, तर समोरचं बिल बघा. २०१३ या एका वर्षात डेंग्यूने जगाला सुमारे ८.९ अब्ज डॉलरचा फटका दिला, असा अंदाज आहे. त्यात नुसते उपचार नाहीत, बुडालेले कामाचे दिवसही आहेत.

मलेरियाला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. ॲनोफिलिस रात्री चावतो, त्यामुळे तिथे पहिला पैसा औषधयुक्त मच्छरदाण्यांना. एडिस दिवसा चावतो. तिथे मच्छरदाणी कामाची ती दुपारी झोपणाऱ्या बाळाला आणि अंथरुणावरच्या रुग्णाला.