ब्राँटे घराण्याबद्दल वाचायचंय, मग आधी गॅस्केल की बार्कर?

शार्लट ब्राँटेचं 'जेन एअर' नाहीतर एमिलीचं 'वुदरिंग हाइट्स' वाचून संपलं की शार्लट, एमिली, अ‍ॅन या लेखिका बहिणींच्या घरात नेमकं काय चाललं होतं ते कळावंसं वाटतंच, आणि मग दोन चरित्रांपाशी येऊन अडायला होतं, एलिझाबेथ गॅस्केलचं १८५७ चं शार्लटचं चरित्र आणि ज्युलिएट बार्करचं १९९४ चं 'द ब्राँटेज'. एकच वाचणार असाल तर बार्कर घ्या. पण गॅस्केल टाकाऊ आहे असं मुळीच नाही.

गॅस्केलबाई शार्लटला ओळखायच्या, इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी तिच्या घरी राहूनही आल्या होत्या. १८५५ मध्ये शार्लट गेली आणि तिच्या वडिलांनीच, पॅट्रिक ब्राँटेंनी, यांना चरित्र लिहा म्हणून गळ घातली. मैत्रीण एलन नसीने शेकडो पत्रं दिली (शार्लटच्या नवऱ्याने ती जाळून टाक म्हणून सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही हे आपलं नशीब), त्यामुळे शार्लट स्वतः बोलतेय असं पानोपानी वाटतं. सप्टेंबर १८४८ ते मे १८४९, आठ महिन्यांत भाऊ ब्रॅनवेल, एमिली, अ‍ॅन तिघंही गेले, तो भाग वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही.

पण बाईंना मैत्रिणीचं नाव जपायचं होतं. ब्रसेल्सला जाऊन त्या शार्लटच्या तिथल्या हेगर सरांना भेटल्या, शार्लटने या विवाहित शिक्षकाला कसली पत्रं लिहिली होती हे त्यांना कळलं होतं, तरी ते सगळं गाळलं आणि तिच्या त्या काळातल्या दुःखाचं खापर फोडलं ब्रॅनवेलवर. पत्रं छापून आली थेट १९१३ मध्ये, 'टाइम्स'मध्ये. वडिलांनी मुलांचे रंगीत बूट जाळले, बायकोचा रेशमी झगा फाडला वगैरे गोष्टी तर कामावरून काढलेल्या बाईच्या सांगण्यावरून आल्यात, आणि ज्या मिसेस रॉबिन्सनने, म्हणजे ब्रॅनवेल जिच्या मुलाला शिकवायचा तिने, त्याला नादी लावलं असं लिहिलं तिने कोर्टाची धमकी दिल्यावर गॅस्केलच्या बाजूने जाहीर माफी, उरलेल्या प्रती परत, तिसऱ्या आवृत्तीत काटछाट. म्हणून गॅस्केल घेताना कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा, टीपांसकटची पहिली मिळाली तर उत्तम.

बार्कर काही वर्षं हॉवर्थच्या ब्राँटे म्युझियममध्येच क्युरेटर होत्या, आणि त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रं, चर्चची कागदपत्रं, सगळं उपसलंय. इथले पॅट्रिक वेगळेच भेटतात, पेपरला पत्रं लिहिणारे, गावाला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून सरकारच्या मागे लागणारे. १८५० च्या सरकारी पाहणीत हॉवर्थमध्ये मृत्यूचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास निघालं आणि ४१ टक्के मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत जात होती. सहाही मुलं आपल्याआधी गेलेल्या या माणसाला दीडशे वर्षं खलनायक समजलं गेलं याचं मला फार वाईट वाटतं, आणि मी बार्कर म्हणते त्याचं खरं कारण हेच.

अर्थात पुस्तक हजारेक पानांचं आहे, आणि बार्करही तटस्थ नाहीत. शार्लटवर त्या कडक आहेत, एमिलीची दुसरी कादंबरी शार्लटनेच नष्ट केली असावी म्हणतात, जी होती याचा धागा म्हणजे प्रकाशकाचं एक पत्र. ब्रॅनवेलला अनौरस मूल होतं हा तर्कही एका वहीतल्या नोंदीवर उभा आहे. असे भाग तर्क म्हणूनच वाचा.

एमिलीसाठी घेत असाल तर मात्र दोन्हीकडून जास्त अपेक्षा ठेवू नका, तिची तीन छोटी पत्रं आणि थोडे डायरीचे कागद एवढंच उरलंय. पण त्यातला जुलै १८४५ चा कागद जरूर शोधा. ब्रॅनवेलची नोकरी नुकतीच गेलीय, घरावर सावट, आणि ही अ‍ॅनबरोबरच्या यॉर्कच्या सहलीत आपण गोंडालमधली, म्हणजे दोघींनी रचलेल्या काल्पनिक जगातली, पात्रं बनून कसे हिंडलो ते मजेत लिहितेय, भावाबद्दल जेमतेम एक-दोन ओळी. बार्कर घ्यायचं ठरलं तर २०१० ची सुधारित आवृत्ती घ्या.