त्रेनेनपालास्ट, बर्लिन: आधी मॉडेल बघा, मग केबिन

त्रेनेनपालास्ट म्हणजे ‘अश्रूंचा महाल’. फ्रीडरिशश्ट्रासं स्टेशनला लागूनच हे काचेचं दालन आहे. तिकीट नाही, सोमवारी बंद. भिंतीने शहर दुभंगलेलं असताना कम्युनिस्ट पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला निघालेल्यांच्या तपासणीसाठी ते १९६२ मध्ये बांधलं. आजचं प्रदर्शन २०११ पासूनचं. तासभर पुरतो.

सुरुवात स्टेशनच्या मॉडेलपासून करा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जातं. एकाच छपराखाली पूर्वेचे आणि पश्चिमेचे फलाट, मधे पत्र्याची भिंत. पश्चिमेचे प्रवासी इथे येऊन गाडी बदलून जायचे, पलीकडच्यांना ते दिसायचेही नाहीत.

खरी वस्तू म्हणजे मूळ पासपोर्ट केबिन. अरुंद बोळ, एका वेळी एकच माणूस. अधिकाऱ्याची खिडकी उंचावर, डोक्यावर तिरका आरसा, म्हणजे तुमची पाठसुद्धा त्याला दिसणार. त्याने आतून कळ दाबल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही. गणवेश सीमादलाचा, माणसं मात्र श्टाझीची, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची. ग्रुपबरोबर घुसू नका. चार जण मागे हसत असले की यातलं काहीच जाणवत नाही.

कागदपत्रांच्या कपाटांना बहुतेक लोक पाचच मिनिटं देतात. चूक आहे. दोन बाजूंच्या नातेवाइकांना कसं ताब्यात ठेवलं, ते तिथेच कळतं. भेटी साफ बंद असत्या तर लोकांनी आशाच सोडली असती. इथे भेटीचं रेशन होतं, आणि कार्ड पूर्वेच्या सरकारच्या हातात. शहराच्या दोन भागांतले फोन १९५२ मध्ये तोडले, १९७१ मध्ये परत जोडले ते आधी फक्त १० लाइन. १९६४ पासून पेन्शनरांना पश्चिमेला जाता येऊ लागलं, कारण ते परतले नाहीत तरी कामगार कमी होत नव्हता, उलट पेन्शन वाचत होती. तरुणाला घरच्या तातडीच्या कारणासाठी परवानगी मिळालीच, तर बायको-मुलं सहसा मागेच ठेवावी लागत. पश्चिमेच्या पाहुण्याला १९८० पासून रोज आपल्या चलनातले २५ मार्क सक्तीने पूर्वेच्या मार्कांत बदलून घ्यावे लागत, आणि उरलेले पूर्वेचे मार्क बाहेर नेता येत नसत.

उणीव एकच, पण मोठी. आतला आडोशांचा चक्रव्यूह आता जवळजवळ उरलेला नाही, त्यामुळे दालन नको तितकं मोकळं आणि प्रसन्न वाटतं. माहिती जर्मन आणि इंग्रजीत आहे.

वेळ उरला तर एस-बानने (शहरातली लोकल) दोन स्टेशनं पुढे नोर्डबानहोफला उतरा. पश्चिमेच्या गाड्या न थांबता ज्यांतून जायच्या, त्या पूर्व बर्लिनमधल्या बंद स्टेशनांविषयीचं प्रदर्शन तिथेच आहे, तेही फुकट.