हार्टस्टॉपर: शाळेच्या वाचनालयात ठेवावं का?

ठेवावं. आणि कुलपाच्या कपाटात नाही, उघड्या फळीवर.

डोंबिवलीतल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. ॲलिस ओसमन यांच्या या चित्रकादंबरीचे पहिले चार भाग गेल्या खरेदीत घेतले आणि एवढ्यातच त्यांच्या कडा मऊ पडल्यात. रजिस्टर बघाल तर वाटेल, कुणी नेतच नाही. नेत नाहीतच, मधल्या सुट्टीत फळीशी उभं राहून वाचतात, कारण दप्तरात सापडलं तर घरी उत्तर द्यावं लागतं.

गोष्ट इंग्लंडमधल्या मुलांच्या शाळेतली. चार्ली समलिंगी आहे हे आदल्या वर्षीच शाळाभर झालेलं, त्यावरून त्याला भरपूर छळलेलं. वर्गात त्याच्या शेजारी येऊन बसतो निक, रग्बी खेळणारा, सगळ्यांचा लाडका. पुढे काय होणार हे दहाव्या पानावर कळतं. पण मजा पुढे काय होतं यात नाहीच, निकला स्वतःचं स्वतःला उमगायला किती वेळ लागतो यात आहे. तो रात्री इंटरनेटला विचारतो, घाबरतो, परत वाचतो. चार्ली त्याला घाई करत नाही. पानंच्या पानं संवाद जवळजवळ नाहीत, नुसतं ‘हाय’ला ‘हाय’. काळ्या-करड्या रेषा आणि चौकटी ओलांडून उडणारी झाडांची पानं, बस. ‘एवढ्या पैशात एवढेच शब्द?’ असं खरेदी समितीत एका सरांनी विचारलं होतं. कवितेच्या पुस्तकाला ते असं विचारत नाहीत.

दुसऱ्या भागाच्या शेवटी निक आईला सांगतो, मला मुलीही आवडतात, मुलगेही. आई सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानते, आणि माझ्यामुळे तुला हे बोलणं अवघड गेलं असेल तर माफ कर, म्हणते. आमच्या प्रतीत त्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ‘काहीही हं!’ लिहून ठेवलंय. खाली वेगळ्या अक्षरात: ‘असते कधीकधी.’

तक्रारी आहेत. बेन आणि हॅरी ही वाईट मुलं पुठ्ठ्याची वाटतात. एल ही ट्रान्स मुलगी, मुलांची शाळा सोडून मुलींच्या शाळेत गेलेली. तिला आणखी जागा हवी होती. आणि या पोरांना क्लास, टेस्ट सिरीज, टक्के असलं काही छळत नाही, हे आमच्या नववीला परीकथेहून अद्भुत वाटतं.

पुस्तक फार गोड आहे, हेही खरं. पण त्याच देशात 1988 साली आलेल्या ‘सेक्शन 28’ कायद्यामुळे समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करायला स्थानिक प्रशासनांना बंदी होती, आणि इंग्लंडमध्ये ती 2003 पर्यंत टिकली. शिक्षक या विषयावर तोंड उघडायला बिचकत. हे आठवलं की गोडवा माफ करावासा वाटतो. हंगेरीत तर 2023 मध्ये हेच पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद न करता विकलं म्हणून एका मोठ्या पुस्तकविक्रेत्या कंपनीला 1 कोटी 20 लाख फोरिंट दंड झाला. आम्हीही प्लास्टिक चढवतो, पण ते पुस्तक टिकावं म्हणून.

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हेगारीतून बाहेर काढलं. तरी हे पुस्तक मागायला आलेली मुलं आधी भूगोलाचा ॲटलास मागतात.

एक सूचना. चौथा भाग जड आहे: चार्लीचं खाणं सुटतं, तो स्वतःला इजा करतो, उपचारासाठी दाखल होतो. प्रेमानं आजार बरा होत नाही, हे तिथं नीट सांगितलंय, त्यासाठी पैकीच्या पैकी गुण. पण हा भाग मी सातवीला देत नाही. नववी-दहावीला देताना समुपदेशक मॅडम कुठल्या वारी येतात तेही सहज सांगून टाकते. पहिले दोन भाग मात्र बिनधास्त घ्या, आणि दोन-दोन प्रती घ्या. एक कायम गायब असते.