जुनी आउटबॅक घ्यावी की स्नो टायर घातलेली कोरोला?

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला नव्यानं आलेल्या माणसाला ऑक्टोबर उजाडला की दोन सल्ले फुकट मिळतात. जाड जॅकेट घे, आणि सुबारू घे. जॅकेटबद्दल माझं काही म्हणणं नाही. सुबारूबद्दल आहे, कारण गेली नऊ वर्षं मी २००७ ची सुबारू आउटबॅक चालवतोय आणि तिच्या शेजारीच बायकोची २००८ ची टोयोटा कोरोला उभी असते. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी फोन करून विचारतं, यातली कुठली घेऊ? प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगतो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी बोलतोय ते २००५ ते २००९ मधल्या, अडीच लिटर इंजिनाच्या आउटबॅकबद्दल आणि साधारण त्याच काळातल्या कोरोलाबद्दल. आखूडशिंगी बहुदुधी गाडी हवी असेल तर ती या दोघींत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बर्फ पडल्यावर

आउटबॅकची चारही चाकं कायमची इंजिनाला जोडलेली असतात. जीपसारखा दांडा ओढून फोर-व्हील लावायचा प्रकार नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ताकद पुढच्या-मागच्या चाकांत निम्मी-निम्मी वाटलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये पुढे जास्त जाते आणि पुढची चाकं घसरायला लागली की मागे वळवली जाते. बर्फाळ चढावर सिग्नल हिरवा झाला की ती काही झालंच नाही अशी निघते. ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायरवरची आणि फक्त पुढच्या चाकांवर ओढणारी कोरोला तिथंच चाकं गरगर फिरवत बसते आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात.

थांबायची वेळ आली की ही श्रीमंती संपते. ब्रेक दोन्ही गाड्यांना चारच चाकांना असतात, आणि ते टायरच्या पकडीवर चालतात. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात झिजलेल्या टायरवर उतारावरून येताना मी ब्रेक दाबला. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस पायाखाली खडखडलं आणि गाडी सावकाश, अगदी शांतपणे, लाल सिग्नल ओलांडून चौकाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. आडवं कुणी येत नव्हतं म्हणून हे लिहितोय. त्याच आठवड्यात त्याच उतारावर बायकोची कोरोला पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबत होती, कारण तिला खरे स्नो टायर होते. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली ऑल-सीझनचं रबर कडक होत जातं, स्नो टायरचं मऊ राहतं. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या.

थोडक्यात, आउटबॅक तुम्हाला घराबाहेर काढते, स्नो टायर तुम्हाला घरी परत आणतात. आउटबॅकला स्नो टायर घातले तर अर्थातच उत्तम, पण ‘ऑल-व्हील आहे, टायर कशाला’ या भ्रमातच तर लोक ती घेतात.

कायदाही टायरकडेच बघतो. डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात ऑल-व्हील गाडी असली तरी टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते. २०१९ च्या कायद्यात तेवढ्याच नक्षीचे स्नो टायर असले तर कोरोलाही चालत होती; आता काय लागतं ते निघण्याआधी बघून घ्या. नियम मोडून रस्ता अडवलात तर दंड ६५० डॉलरच्या वर जातो.

कोरोला खरी हरते ती उंचीत. आउटबॅकचं पोट जमिनीपासून ८ इंचांहून वर असतं, कोरोलाचं साडेपाच-सहा इंचांवर. पहाटे बर्फ ढकलणारा ट्रक गल्लीतून जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. आउटबॅक त्यावरून खरडत का होईना निघते. कोरोलासाठी फावडं घ्यावं लागतं. ट्रेकच्या सुरुवातीला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांचंही तेच.

चढावर मात्र फार फरक नाही, आणि हे कुणी सांगत नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथं पोचेपर्यंत एक तृतीयांश ताकद विरळ हवेत गेलेली असते. आउटबॅकचं इंजिन मोठं, पण अंगही जड. त्या घाटात दोघी सारख्याच धापा टाकतात.

खर्च

आता दुखऱ्या नसेवर येतो. सुबारूच्या या इंजिनात सिलिंडर उभे नसतात, दोन्ही बाजूंना आडवे, समोरासमोर झोपवलेले असतात. त्यामुळे वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी छान बसते. पण लाखभर मैल ओलांडले की हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या पातळ सीलच्या, खालच्या कडेनं तेल किंवा इंजिन थंड ठेवणारं कूलंट पाझरायला लागतं. सगळ्याच गाड्यांत होतं असं नाही, पण इतक्यांत होतं की कोलोरॅडोतला कुठलाही मेकॅनिक जुनी सुबारू म्हटल्यावर आधी तेच विचारतो. दुरुस्तीसाठी बऱ्याचदा इंजिन बाहेर काढतात, आणि बिल २ ते ३ हजार डॉलर येतं. माझं १ लाख ३४ हजार मैलांवर निघालं. मेकॅनिकला स्टीलच्या अनेक पदरांचं गॅस्केट घालायला सांगितलं, त्यानंतर आजवर थेंब नाही.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा. तो १ लाख ५ हजार मैलांवर बदलायचाच. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच हातचं जातं. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही सोबतच बदलून घ्यावा. कोरोलात बेल्टऐवजी साखळी आहे. तेल वेळेवर बदला आणि विसरून जा.

तिसरा खर्च लोकांना माहीतच नसतो. ऑल-व्हील गाडीचे चारही टायर जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. एकाचा घेर वेगळा असला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं मधलं यंत्र सतत ओढाताण सोसत राहतं आणि कधीतरी जळतं. म्हणजे खिळ्यानं एका टायरची बाजू फाडली की चार टायर घ्या. माझ्यावर ही वेळ एकदा आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणजे काय, ते टायरच्या दुकानातल्या काउंटरवर कळलं. कोरोलाच्या पुढच्या दोघांची जोडी बदलली तरी भागतं.

पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेत गॅस: आउटबॅक गॅलनला २२ मैलांच्या आसपास जाते, कोरोला २९-३०. वर्षाला १२ हजार मैल धरले तर आउटबॅक सुमारे १३० गॅलन जास्त पिते. साडेतीन डॉलरच्या भावानं साडेचारशे डॉलर झाले. दोन-तीन वर्षांच्या या फरकात कोरोलाचे स्नो टायर, त्यांच्या लोखंडी रिम आणि ते वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी निघून येते.

सहा सिलिंडरच्या आउटबॅकमध्ये साखळी असते आणि गॅस्केटची कटकट क्वचितच, पण तिची तहान मोठी आणि तिला प्रीमियम गॅस लागतो. चार सिलिंडरमध्ये साखळीचं नवं इंजिन २०१३ च्या मॉडेलपासून आलं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्या तेल पितात अशी तक्रार होती. दुभत्या गाईच्या लाथा प्रत्येक पिढीत वेगळ्या.

डबा

माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावर गाडी बघून म्हणाले, “ही काय अँब्युलन्स आणलीस?” लांबट, मागून सपाट गाडी आपल्याकडे कधी रुजली नाही. पण परतीच्या प्रवासापर्यंत त्यांचं मत बदललं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कोरोलात खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. आउटबॅकची सीट नेमकी कमरेच्या उंचीवर येते. नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. चार मोठ्या बॅगा, आईची लोणच्याची पेटी, सगळं मागे मावतं. मागची सीट पाडली की दोन सायकली आडव्या जातात, आणि एकदा लेडव्हिलजवळ मी त्यात तिरका झोपून रात्र काढली आहे.

आईबाबा दर उन्हाळ्यात येत असतील तर हा मुद्दा बर्फापेक्षा मोठा आहे.

लहान मुलं असतील तर

दोन्ही गाड्या म्हाताऱ्या आहेत. गाडी भरकटायला लागली की आपणहून सावरणारी ईएससी यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती आहे का, हे एकेक गाडी बघूनच ठरवावं लागतं. शिवाय या काळातल्या दोन्ही गाड्या टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलण्यासाठीच्या रिकॉलमध्ये होत्या. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक टाकला की ते काम झालंय का ते दिसतं, आणि राहिलं असेल तर डीलर फुकट करून देतो. घरात तान्हं बाळ असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: या दोन्ही सोडा, थोडं थांबा आणि पैसे साठवून २०१२ नंतरचं काहीतरी घ्या.

मग कुणी काय घ्यावं

ऑफिस शहरात, घर सपाट रस्त्यावर, शनिवार-रविवारी फार तर मॉल आणि मंडळाचा कार्यक्रम? कोरोला घ्या, आणि वाचलेल्या पैशात चांगले स्नो टायर. मला विचारणाऱ्या दहातल्या सात जणांना मी हेच सांगतो, आणि त्यातले पाच जण तरीही सुबारू घेतात.

घर चढावर असेल, दर दुसऱ्या आठवड्याला डोंगरात जाणं होत असेल, किंवा घरी सामान आणि ज्येष्ठ मंडळी भरपूर असतील तर आउटबॅक. पण गाडीच्या किमतीवर अडीच-तीन हजार डॉलर बाजूला काढता येत असतील तरच. सगळे पैसे विकत घेण्यातच संपणार असतील तर पहिलं गॅस्केट तुम्हाला रडवेल. आणि मिशिगन किंवा ओहायोत वाढलेली स्वस्त आउटबॅक दिसली तर आधी ती वर उचलून खालून बघा. तिकडच्या रस्त्यांवरचं मीठ ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या चाकांच्या कमानी खाऊन टाकतं.

आउटबॅक बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड असताना बघायचंय. कुणी ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ म्हणालं की मी तिथूनच परत फिरतो. कूलंटच्या टाकीचं झाकण थंड असतानाच उघडा. आत तेलकट तवंग नको, आणि इंजिन तापल्यावर त्या टाकीत बुडबुडे दिसायला नकोत. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा, तोंडी ‘झालंय’ चालणार नाही. मग कोरड्या पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारल्यासारखी चालली तर ते मधलं यंत्र गेलंय.

आणि खिशात २००८ किंवा त्याआधीची एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, ठेवा, मागे लिंकन मेमोरियलचं चित्र असलेली. ते चित्र उलटं करून टायरच्या खाचेत घाला. इमारतीचा माथा खाचेत लपला तर नक्षी ३/१६ इंच आहे. चारही टायरना घालून बघा.